शब्दाचे नवे बिऱ्हाड

धाराशिव जिल्ह्यातील एखाद्या खेड्यात हिवाळ्याच्या रात्री दोन प्रहर उलटून गेले आहेत. गाव गाढ झोपले आहे. तोच ओसरीवर लावून ठेवलेला दिवा एकाएकी उजळतो आणि घरातील कर्ता पुरुष अंगावरची घोंगडी बाजूला सारून मुलाला हाक मारतो, "ऊठ रे, लाइट आली!" बापलेक बॅटरी घेऊन शेताकडे निघतात. हरभऱ्याला पाणी द्यावयाचे असते आणि विहिरीवरचा पंप चालवावयाचा, तर वीजपुरवठ्याची पाळी साधावी लागते. कमी पावसाच्या या जिल्ह्यात विहिरीचे पाणी हाच पिकाचा आधार. म्हणून ‘लाइट आली’ या दोन शब्दांना तेथे जेवढे वजन आहे, तेवढे फार थोड्या शब्दांना असेल.

आता तोच मुलगा शाळेत जाऊन इंग्रजी शब्दकोश उघडतो. ‘लाइट’ या शब्दापुढे त्याला कोणते अर्थ दिसतात? पहिला अर्थ, उजेड किंवा प्रकाश. दुसरा, दिवा. पुढे, हलका, वजनाने कमी, फिकट, सौम्य. त्याहीपुढे क्रियापद म्हणून, पेटविणे. आणि एका कोपऱ्यात, खाली उतरणे. विहिरीवरचा पंप फिरविणारी जी शक्ती तिच्या गावात ‘लाइट’ म्हणून ओळखली जाते, ती मात्र या अर्थांच्या रांगेत सहसा सापडत नाही. तिच्यासाठी इंग्रजीत ‘इलेक्ट्रिसिटी’ हा निराळाच शब्द आहे. मग चुकले कोण? कोशकार, की गाव? या प्रश्नाचे उत्तर शोधावयाचे, तर या लहानशा शब्दाचा थोडासा पूर्ववृत्तान्त जाणून घेतला पाहिजे.

इंग्रजीत दिसावयास जो एकच शब्द दिसतो, ते वास्तविक दोन शब्द आहेत. उजेडाचा ‘लाइट’ वेगळा आणि हलकेपणाचा ‘लाइट’ वेगळा. दोघांची कुळे भिन्न आहेत. काळाच्या ओघात त्यांचे उच्चार व अक्षरे मात्र एकसारखी झाली. या शब्दाच्या इंग्रजी लेखनात मध्येच दोन मुकी अक्षरे येतात आणि विद्यार्थी ती पाठ करून कंटाळतात. ती अक्षरे पूर्वी मुकी नव्हती. त्यांचा उच्चार आपल्या ‘ख’ला जवळचा असा, घशातून निघणारा होता. इंग्रजीची बहीण असलेल्या जर्मन भाषेत तो उच्चार अजून टिकून आहे आणि तेथे हे दोन शब्दही वेगवेगळे ओळखू येतात. उजेडाला जर्मन मनुष्य ‘लिख्त’ म्हणतो आणि हलक्याला ‘लाइख्त’.

याहून नवलाची गोष्ट अशी की, या दोन्ही परक्या पाहुण्यांचे आप्त संस्कृतातही आहेत. उजेडाचा ‘लाइट’ ज्या प्राचीन मूळ धातूपासून निघाला, त्याच धातूपासून संस्कृतातील ‘रुच्’ म्हणजे प्रकाशणे हा धातू आला. ‘रुची’ हा आपला नेहमीचा शब्द त्याच घरातला. जे मनाला उजळून टाकते, ते रुचते! हलकेपणाचा ‘लाइट’ मात्र ‘लघु’ या शब्दाचा भाऊबंद आहे. या ‘लघु’चे प्राकृतात ‘लहुअ’ झाले आणि पुढे बोलता बोलता अक्षरांची अदलाबदल होऊन ‘हलुअ’ असेही रूप रूढ झाले. आपले ‘हळू’ आणि ‘हलका’ हे शब्द त्याच वाटेने आले. म्हणजे ‘लाइट’चा अर्थ ‘हलका’ असे जेव्हा विद्यार्थी वहीत लिहितो, तेव्हा तो नकळत दोन दूरच्या नातलगांची भेट घालून देत असतो.

‘खाली उतरणे’ हा अर्थही या हलकेपणातूनच निघाला. घोड्यावरचा स्वार उतरला की घोड्याचे ओझे हलके होते. त्यावरून उतरण्यालाच तो शब्द लागू पडला. इंग्लंडातील खाटीक जनावराच्या फुप्फुसांना याच शब्दाच्या अनेकवचनाने ओळखीत, कारण शरीरातील इतर अवयवांच्या मानाने ती फार हलकी असतात. परंतु केवळ दिसण्यावरून नाते जोडू नये, हेही येथे ध्यानात ठेवले पाहिजे. आनंद या अर्थाच्या ‘डिलाइट’ या शब्दात ‘लाइट’ दिसतो खरा. पण त्याचा उजेडाशी काही संबंध नाही. तो लॅटिनमधून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला आणि ‘लाइट’चे पाहून लोकांनी त्याच्याही लेखनात ती मुकी अक्षरे घुसडली. शब्दांच्या जगातही अशी वेषांतरे होत असतात.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. उजेडाचा हा शब्द विजेला कसा चिकटला? याचे कारण विजेच्या इतिहासात आहे. १८७९ साली एडिसनने उपयोगात आणण्याजोगा विजेचा दिवा तयार केला. १८८२ साली त्याने न्यूयॉर्क शहरात घरोघर वीज पुरविण्याचे केंद्र सुरू केले. त्या काळी लोक वीज घेत ती मुख्यतः दिव्यांसाठी. पंखे, पंप, गिरण्या ही सारी मंडळी मागाहून आली. त्यामुळे पुष्कळ ठिकाणी वीज पुरविणाऱ्या कंपन्यांच्या नावांतच दिव्याचा किंवा उजेडाचा उल्लेख असे. ज्या वस्तूसाठी वीज घरात आली, त्या वस्तूचेच नाव विजेला मिळाले.

असे होणे हे भाषेच्या स्वभावाला धरूनच आहे. ‘घरावरून मिरवणूक गेली’ असे कोणी म्हटले, तर मिरवणूक छपरावर चढली असे कोणी समजत नाही. शब्दाचा सरळ अर्थ सोडून त्याच्या जवळचा, त्याच्याशी संबंध असलेला अर्थ आपण घेतो. आपल्या साहित्यशास्त्रकारांनी शब्दाच्या या शक्तीला ‘लक्षणा’ असे नाव शेकडो वर्षांपूर्वीच देऊन ठेवले आहे. ‘लाइट’ म्हणजे वीज, ही लक्षणाच होय. आणि ती एकट्या मराठी खेडुताला सुचली असेही नाही. स्पॅनिश भाषेत उजेडाला ‘लूस’ म्हणतात. पण घरातील वीज गेली की स्पेनमधील आणि मेक्सिकोतील माणसेही ‘लूस गेली’ असेच म्हणतात. सात समुद्रांपलीकडची ती माणसे आणि धाराशिवचा शेतकरी यांची कधी गाठ पडलेली नाही. तरी दोघांच्या मनाने एकच वाट धरली.

वास्तविक विजेला कोणत्याच भाषेत जन्मतः नाव नव्हते. प्रत्येक भाषेने ते कोठून तरी उसने आणले आहे. ‘इलेक्ट्रिसिटी’ हा शब्द ग्रीकांच्या ‘इलेक्ट्रॉन’ या शब्दावरून आला आणि ‘इलेक्ट्रॉन’ म्हणजे तृणमणी. हा मणी घासला की गवताच्या काड्या ओढून घेतो, हे प्राचीन ग्रीकांना ठाऊक होते. विल्यम गिल्बर्ट या इंग्रज शास्त्रज्ञाने १६०० साली लिहिलेल्या लॅटिन ग्रंथात त्यावरून या शक्तीला नाव दिले. मराठीने आभाळाकडे पाहिले आणि ‘विद्युत्’पासून आलेला ‘वीज’ हा शब्द कामाला लावला. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश प्रथम १८३१ साली निघाला व त्याची दुसरी आवृत्ती १८५७ साली आली. त्या कोशातील ‘वीज’ ही आभाळात चमकणारी वीज आहे. घरोघर दिवे लावणारी वीज तेव्हा आपल्याकडे यावयाची होती. म्हणजे आज शुद्ध व शास्त्रीय म्हणून मिरविणारा ‘वीज’ हा शब्दही या अर्थाने एके काळी नवाच होता. ग्रीकांनी मण्याचे नाव दिले, मराठीने आभाळाचे दिले, खेड्याने दिव्याचे दिले. तिघांचीही रीत एकच.

खेड्याने ‘वीज’ हा शब्द टाकून दिला असेही नाही. ‘वीज पडली’ असे म्हटले की धाराशिवच्या शिवारातील माणूस झाडाखाली बांधलेल्या जनावरांकडे काळजीने पाहतो. ‘लाइट गेली’ असे म्हटले की तो कंदील शोधतो. उन्हाळ्याच्या अखेरीस वादळी पावसात या दोन्ही गोष्टी एकाच घटकेत घडतात. पण बोलण्यात कधी गोंधळ होत नाही. आभाळातली ती वीज, तारेतली ती लाइट. बोलीने दोन अर्थांना दोन शब्द वाटून दिले आणि आपली सोय करून घेतली.

या प्रांताला परके शब्द घरात घेण्याची सवयही जुनी आहे. धाराशिव तालुक्यातील तेर हे गाव म्हणजे प्राचीन ‘तगर’ नगर. तेथील माल गाड्यांतून भडोचच्या बंदराकडे जात असे, ही नोंद पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासवर्णनात आहे. पुढे शतकानुशतके येथील दरबारांत फारसी भाषेचा वावर होता. १९४८ सालापर्यंत हा जिल्हा हैदराबाद संस्थानात होता आणि कचेरीत उर्दू चालत असे. जिल्ह्याचे ‘उस्मानाबाद’ हे नाव त्याच राजवटीतले. २०२३ साली ते बदलून ‘धाराशिव’ हे जुने नाव अधिकृत झाले. पूर्वेला उमरग्याच्या पलीकडे कन्नड भाषेची सीमा लागते. अशा ठिकाणी शब्दांची ये-जा थांबणार कशी?

उजेडाचीच साधने पाहा. देवघरातली समई, तुळजाभवानीच्या भक्तांच्या हातातली दिवटी आणि पोत हे शब्द आपल्याला घरचे वाटतात. ‘मशाल’ अरबीतून आली. आणि ‘कंदील’? तोही अरबी भाषेतूनच आला. पण अरबीने तो ग्रीकांकडून घेतला होता आणि ग्रीकांनी लॅटिनकडून. मेणबत्तीला इंग्रज ज्या शब्दाने ओळखतात तो ‘कँडल’ हा शब्दही त्याच लॅटिन घराण्यातला. त्या घराण्याचा मूळ धातू चकाकण्याचा. आणि विद्वानांच्या मते संस्कृतातील ‘चंद्र’ हाही त्याच धातूचा वंशज. लाइट गेल्यावर आजी खुंटीवरचा कंदील काढते आणि अंगणात चंद्र उगवलेला असतो, तेव्हा दोन दुरावलेली भावंडे समोरासमोर आलेली असतात!

पाहुणा घरचा झाला की घराच्या रीतीने वागतो. ‘लाइट’ हा शब्द इंग्रजीत स्त्रीलिंगी नाही. कारण तेथे निर्जीव वस्तूंना लिंगभेद सहसा नसतो. मराठीत आल्यावर मात्र त्याला लिंग घ्यावे लागले. ‘वीज’ स्त्रीलिंगी, म्हणून मराठवाड्यात ‘लाइट गेली’ असे रूढ झाले. पुण्याकडे ‘दिवे गेले’ या प्रयोगाच्या धर्तीवर ‘लाइट गेले’ असे पुष्कळांच्या तोंडी ऐकू येते. स्त्रीलिंगी झाल्यावर पुढचा सारा संसार मराठी व्याकरणाने मांडला. ‘भिंत, भिंती, भिंतीचा’ तशी ‘लाइट, लाइटी, लाइटीचा’. ‘लाइटीचा खांब’ हे शब्द इंग्रज माणसापुढे उच्चारले, तर त्यातला आपल्या भाषेतील शब्द त्याला ओळखूही यावयाचा नाही. तो आता मराठी झाला आहे.

याखेरीज थट्टेच्या बोलण्यात या शब्दाने आणखी काही अर्थ मिळविले आहेत. एखाद्याला विनोद उशिरा कळला की सोबती त्याला ‘ट्यूबलाइट’ म्हणतात. जुन्या धर्तीची नळी बटण दाबताच लागत नसे. दोनचार वेळा लुकलुके आणि मग उजळे. ते ज्याने पाहिले आहे, त्याला ही उपमा समजावून सांगावी लागत नाही. तरुण मुले एकमेकांना ‘लाइट घे’ असे म्हणतात, म्हणजे मनाला लावून घेऊ नकोस. येथे उजेडाचा नव्हे, तर ‘लघु’च्या कुळातला ‘लाइट’ आला आहे. हे अर्थ मित्रमंडळीत शोभतात. गुरुजनांपुढे किंवा अर्जात शोभत नाहीत. आणि त्यांचे आयुष्यही बहुधा थोडे असते. आता लुकलुकणाऱ्या नळ्या मागे पडत चालल्या आहेत आणि बटण दाबताच लागणारे एलईडी दिवे आले आहेत. नळीच दिसेनाशी झाली, तर ही थट्टाही उद्या कोणाला उमगेल की नाही, हे सांगता येत नाही.

मग अशा शब्दांना कोशात जागा द्यावी की नाही? कोश म्हणजे शब्दांना शिक्षा करणारे न्यायालय होय, असा पुष्कळांचा समज असतो. थोर कोशकारांची दृष्टी वेगळी होती. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाचा पहिला भाग १८८४ साली निघाला आणि काम पुरे व्हावयास १९२८ साल उजाडले. हजारो वाचकांनी पुस्तकांतून वाक्ये उतरवून चिठ्ठ्या पाठविल्या आणि त्यांवरून कोणता शब्द कोणत्या काळी कोणत्या अर्थाने वापरला गेला, हे ठरविण्यात आले. मराठीत यशवंत रामकृष्ण दाते, चिंतामण गणेश कर्वे आणि त्यांचे सहकारी यांनी १९३२ ते १९३८ या काळात ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे सात विभाग सिद्ध केले, त्यांत निरनिराळ्या प्रांतांतील बोलींचे शब्दही आहेत. कोशकार लोकांच्या मागून चालतो आणि त्यांनी पाडलेली वाट कागदावर उतरवितो. म्हणून इंग्रजी कोशात ‘वीज’ हा अर्थ सापडला नाही, तरी कोश चुकलेला नाही. त्याने इंग्रजांची वाट नोंदविली. आणि गावही चुकलेले नाही. त्याने आपली वाट पाडली.

तथापि, एवढ्यावर विषय संपत नाही. ज्या शब्दाला अनेक अर्थ असतात, तो जपून वापरावा लागतो. आणि ‘लाइट’च्या बाबतीत तर ही जपणूक जिवाशी येऊन ठेपते. ‘लाइट बंद आहे’ या वाक्याचे किती अर्थ होतात, ते पाहा. दिवा मालवला आहे, हा एक. घरातील मुख्य बटण बंद केले आहे, हा दुसरा. गावाचा पुरवठा थांबला आहे, हा तिसरा. दिवा मालवला म्हणून तार निर्जीव होत नाही. मुख्य बटण बंद केले, तरी खांबापासून त्या बटणापर्यंतच्या तारेत वीज असतेच. शिवारातील पंपाला तीन तारांतून, म्हणजे तीन फेजांतून, वीज मिळते. त्यांतील एक फेज गेली की तिच्यावर चालणारे घरांतील दिवे जातात आणि सारे म्हणतात, ‘लाइट गेली’; पण उरलेल्या दोन तारांत वीज खेळत असते. त्या बोलण्यावर विसंबून जो स्टार्टरचे झाकण उघडतो, तो मृत्यूच्या दारात हात घालतो. सारा पुरवठा खरोखरच थांबला असला, तरी तो कोणत्या क्षणी परत येईल याचा नेम नसतो. आणि पंपाला आपोआप चालू होणारे बटण बसविलेले असेल, तर लाइट येताच मोटर फिरू लागते. खांबावर चढणारा जाणता लाइनमन म्हणूनच ‘लाइट गेली आहे’ या शब्दांवर भरवसा ठेवीत नाही. तो उपकेंद्राकडून रीतसर परवाना घेतो, तारेत वीज नाही याची परीक्षा करतो, तार जमिनीशी जोडतो आणि मगच कामाला हात घालतो.

लेखी व्यवहारातही हेच ध्यानात ठेवावे. ‘आमच्याकडे आठ दिवस लाइट नाही’ एवढेच लिहिलेला अर्ज कचेरीत गेला, तर रस्त्यावरचे दिवे बंद आहेत, घरांचा पुरवठा बंद आहे, की पंपाची एक फेज मिळत नाही, हे वाचणाऱ्याला कसे कळावे? ‘शेतीपंपाचा थ्री फेज वीजपुरवठा अमुक तारखेपासून बंद आहे’ असे लिहिले की अर्जदाराचे म्हणणे नेमके पोचते. ओसरीवर ‘लाइट’ म्हणणे आणि अर्जात ‘वीजपुरवठा’ लिहिणे यांत कोठेही विरोध नाही. शेतात जाताना आणि लग्नाला जाताना मनुष्य निराळे कपडे घालतो. तो दोन्हीकडे तोच असतो. एका शब्दाची लाज वाटून तो टाकून देणे जसे अनाठायी, तसेच तो सगळीकडे वापरून दुसरे शब्द विसरून जाणेही हानीचेच. ज्याच्यापाशी दोन्ही शब्द आहेत आणि कोणता कोठे वापरावा हे ज्याला कळते, त्याची भाषा समृद्ध.

धाराशिव जिल्ह्यात कौडगाव येथे आता सूर्याच्या उजेडापासून वीज निर्माण करण्यात येते. काळ्या चकचकीत पाट्यांवर ऊन पडते आणि ते तारांतून वीज होऊन वाहू लागते. इंग्रजी कोशातला पहिला ‘लाइट’ म्हणजे ऊन. गावातला ‘लाइट’ म्हणजे वीज. एवढी शतके वेगळ्या वाटांनी हिंडलेला हा शब्द त्या माळावर आपल्या पहिल्या अर्थाला पुन्हा भेटला आहे. अशी वीज दिवसा शेतीला पुरेशी मिळू लागली, तर त्या बापलेकांना रात्री झोपेतून उठून अंधारात बांध ओलांडावे लागणार नाहीत. तेव्हाही मुलगा बापाला शेतातून ओरडून सांगेल, ‘लाइट आली!’ आणि त्या वेळी माथ्यावर सूर्य तळपत असेल.